भिंत कोरडी होती, मिस्त्री

मिस्त्री, तुमच्या जलदानाच्या दिवशी मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं, आणि मी दोन शब्दांवर थांबले नाही. तुम्ही असता तर मागच्या रांगेतून मुद्दाम खाकरला असता. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या बाईच्या हातात माईक दिला की काय होतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी जे बोलले ते तुम्हाला सांगायचं होतं, समोरासमोर, आणि तुम्ही ऐकायला होतात तोवर मी ते सांगितलं नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे. पाठवायचं कुठं ते नंतर बघू.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी इथं सौंसरला अंगणात संत्र्याच्या कलमांना पाणी घालत होते. फोन ठेवला आणि राहिलेल्या कलमांनाही पाणी घातलं. मग आत येऊन कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात आपले टिपकागद आहेत. गुलाबी, कोपरे दुमडलेले, प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इमारतीचं नाव. आणि एक पितळी ओळंबा आहे, कोणालाच न दिलेला. माझ्या सुनेनं विचारलं, हे काय जमवून ठेवलंत. तिला काय सांगणार. तुम्हाला दिसला असता तर तुम्ही ओळंबा आधी उचलून त्याची दोरी तपासली असती.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आपले काकाजी, निवृत्त ओव्हरसियर, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका मोजल्या, त्यांच्या मनात आलं की आता जरा चांगल्या कामाचं नाव घेऊ. पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांत आणि आसपासच्या खेड्यांत दरवर्षी एक इमारत निवडायची, आणि ती बांधणाऱ्या मिस्त्रीला पितळी ओळंबा द्यायचा. मालकाला काही नाही. कमिटीत चौघं: काकाजी, आरामशीनवाले शेठ, पांढुर्ण्याहून तुम्ही, आणि सौंसरहून मी. मला का घेतलं, तर नकाशा वाचता येतो म्हणून. ‘आनि बाई असल्या का चहा बरोबर भेटते,’ असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. मी इतकी चिडले की पुढच्या बैठकीला चहा तुम्हाला करायला लावला. तो इतका गोड झाला की शेठनी कप खिडकीत ठेवला आणि तिथंच विसरले.

काकाजींनी नागपूरहून एकदम सहा ओळंबे आणले होते. सहा वर्षं तरी हे चालेल असा त्यांचा अंदाज होता. एक वर्ष कमी पडलं.

नियमही प्रत्येकाचा एकेक होता. काकाजींचा नियम असा, की इमारतीनं तीन पावसाळे पाहिलेले असले पाहिजेत. नव्या नवरीसारखी रंगवलेली भिंत बघून कोणी भुलायचं नाही. शेठचा नियम, ज्यानं बांधलं तो आणि त्याच्या घरचं कोणी तपासणीत मत देणार नाही. माझा नियम टिपकागदाचा. श्रावणाची झड लागली की आपण जायचो, मी भिंतीला कागद लावून त्यावर तळहात दाबून शंभरपर्यंत मोजायचे, आणि कागद ओला निघाला की इमारत बाद. आणि तुमचा नियम, जो ऐकून काकाजींनी चष्मा काढून पुसला: जी बाई किंवा जो माणूस ती इमारत रोज झाडतो, त्याचं मत पहिलं.

‘झाडनारीले समदं मालूम राहते,’ तुम्ही म्हणालात. ‘पानी कुठं साचते, उतार कुठं चुकला, दार कुठं अडते. मालकाले काय मालूम, तो तं खुर्चीवर बसून राहिला.’

पहिला ओळंबा मोहगावच्या रस्त्यावरच्या बसथांब्याला गेला, आठवतं? मी तर त्याला इमारत म्हणायलाच तयार नव्हते. तीन भिंती आणि एक छत. पण आत बाकाच्या मागं, डोक्याच्या उंचीवर, हातभर रुंद ओटा काढला होता. बाया डोक्यावरचा भारा तिथं नुसता सरकवायच्या, उतरवायला कोणाला बोलवायची गरज नव्हती. निघताना कडेशी डोकं लावून ओढला की भारा पुन्हा डोक्यावर. तिथं चहाची टपरी चालवणारी बाईच तो थांबा झाडायची. तिला विचारलं तर म्हणाली, ‘ज्यानं बांधलं त्याच्या मायनं भारे वाहले असतीन.’ खरंच वाहिले होते. त्या मिस्त्रीला आपण ओळंबा दिला तेव्हा काकाजींच्या पद्धतीप्रमाणे तो त्याच थांब्याच्या छताला टांगला, सगळ्यांसमोर, भिंतीला लागून. बक्षीस देता देता परीक्षाही व्हायची. दोरी हलायची थांबली आणि भिंत सरळ निघाली. तो मिस्त्री रडला, आणि तुम्ही तोंड फिरवून रस्त्यावरची बैलगाडी बघत राहिलात.

दुसऱ्या वर्षी सौंसरजवळचा संत्र्यांचा शेड. उंच झरोके, जमिनीला सावकाश उतार, तणसाच्या ढिगातही हवा खेळायची. तिसऱ्या वर्षी मुलींची दोन खोल्यांची शाळा, आणि तिच्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण. खिडक्या इतक्या खाली होत्या की मुली जमिनीवर बसल्या तरी बाहेरचं सगळं दिसायचं. मी म्हटलं, ही शाळा आहे की मंडई, पोरींचं लक्ष कसं लागेल. तुम्ही म्हणालात, ‘पाहू द्या ना बाई. बाहेर पाहून राहिल्या तरच पोट्ट्या आत बसतीन.’ मी शिक्षिका, तुम्ही चौथीत शाळा सोडलेले. मी हट्टानं विरुद्ध मत दिलं. पुढं दोन वर्षांनी माझी बदली त्याच शाळेवर झाली आणि मुली खरंच बसायच्या. हे तुम्हाला मी कबूल केलं होतं का? बहुतेक नाही. हे एक तर आता घ्या.

भांडणं आपली तशी एकाच गोष्टीवरून असायची. मला एलेव्हेशन आवडायचं, समोरची बाजू, कमानी, रंगाची जोड. तुम्हाला मागची बाजू आवडायची. कुठल्याही इमारतीला गेलात की तुम्ही आधी मागं जायचात, मोरीकडे, नळाकडे, पन्हाळीकडे. ‘माणसाची पाठ पाहा आधी,’ म्हणायचात, ‘तोंड तं तो धुऊन येते.’ मी कधी मागं गेले नाही. हीच माझी खोड, आणि ती कुठं नडली ते आता सांगते.

चौथ्या वर्षी पांढुर्ण्याच्या तुमच्या वस्तीतला विहार आला. तुम्ही तो बांधून तीन पावसाळे झाले होते. सगळ्या वस्तीनं मिळून बांधला होता. शेतमजुरीला जाणाऱ्या बायांनी संध्याकाळी येऊन विटा वाहिल्या, नगरपालिकेत कामाला असलेल्या माणसांनी रविवारी गिलावा केला. तुम्ही स्वतः त्याबद्दल कमिटीत अवाक्षर काढलं नव्हतं. नाव काकाजींनी सुचवलं. नियमाप्रमाणे तुम्ही तपासणीला यायचं नव्हतं, आणि तुम्ही त्या दिवशी मुद्दाम जामसांवलीला निघून गेलात, यात्रेकरूंच्या जुन्या निवाऱ्याच्या डागडुजीवर. जाताना मला फक्त एवढं म्हणालात, ‘बाई, जरा मागून पाहजा.’

मी मागून पाहिलं नाही.

आत आम्ही तिघं होतो. मूर्तीच्या मागची भिंत, वर छोट्या छोट्या जाळ्या, पावसाचा उजेड आत यायचा पण पाणी नाही. मी आजवर तपासलेल्या सगळ्या इमारतींत तो विहार सुंदर होता. हेसुद्धा मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण माझं मत एलेव्हेशनचं आणि विहाराला एलेव्हेशन म्हणावं असं काही नव्हतंच. त्या भिंतीवर काकाजींनी हात ठेवला आणि म्हणाले, इथं कागद लावा. मी लावला. शंभर मोजले. कागद काढला तर मधोमध गोल डाग, बशीएवढा.

तेव्हा शेवंताबाई, तुमच्या घरच्या, ज्या विहार झाडायच्या, त्या म्हणाल्या, ‘इथं कधीच ओल नसते, बाई. मी रोज झाडतो.’ शेठ म्हणाले, त्या मिस्त्रीच्या घरच्या, त्यांचं मत धरता येत नाही. नियम होता. पहिल्यांदाच आम्ही झाडणारीपेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

मग शेवंताबाईंनी विचारलं, ‘मागच्या पडवीत पानी ठेवलं हाय तुमच्यासाठी. चला, घोटभर घ्या.’ काकाजी गेले नाहीत, कारण त्यांचे गुडघे दुखत होते आणि मागं जायला तीन पायऱ्या होत्या. शेठ आपली बाटली घेऊन फिरायचे. उरले मी. मी म्हटलं, ‘तहान नाही मला.’

मिस्त्री, तहान होती. सकाळी सातच्या बसनं निघाले होते, उन्हाची तिरीप आणि पावसाची सर आळीपाळीनं चालू होती, घसा सुकला होता. पण मागच्या पडवीत जाऊन तुमच्या वस्तीतल्या माठातलं पाणी प्यायचं, हे मला त्या दिवशी जमलं नाही. माझ्या घरी सासूबाई फार कडक होत्या, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. सासूबाई घरी होत्या. विहारात नव्हत्या. विहारात ठरवणारी मी एकटी होते, शिकलेली, मुलींना रंगांची नावं सांगणारी, आणि मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी छत्री विसरली म्हणून मी परत आले. निकाल रविवारी जाहीर व्हायचा होता, मधे चार दिवस होते. छत्री आत नव्हती, मागं पडवीत कोणीतरी टांगून ठेवली होती. म्हणून मी पहिल्यांदा मागं गेले. तिथं शेवंताबाई भिंतीतल्या कोनाड्यातून एक नवाकोरा माठ उचलून काढत होत्या. माठ निघाला आणि मागं कोनाड्यात भिंत काळपट, गोल, माठाएवढी ओली. मी हात लावून पाहिला, गार लागली. कोनाड्यापाशी नऊ इंचाची भिंत साडेचारच इंच उरली होती. आत माझा कागद बरोबर त्याच्याच पलीकडं लावला होता.

‘तुमच्यासाठीच भरला होता, बाई,’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘नवा आनला. मातीचा वास जावा म्हनून तीन दिवस आधी भरून ठेवला. आता तरी घेता का घोटभर?’

मी म्हटलं, बस जाईल. छत्री घेतली आणि गेले.

रस्त्याभर मला हे कळत होतं की भिंत पाझरली नाही, माठ पाझरला. तोही माझ्यासाठी भरलेला. एक शब्द काकाजींना सांगितला असता तरी पुरे होतं. पण सांगायचं तर काकाजींनी विचारलं असतं, काल मागं का नाही बघितलं? आणि मग तहानेची गोष्ट निघाली असती. तुमच्यासमोर निघाली असती. चार दिवस मी हा विचार करत राहिले आणि रविवारी ओळंबा पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयाला गेला. मोठ्या कमानी, छान एलेव्हेशन. मी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या.

त्यानं तुमचं काय नुकसान झालं तेही मला ठाऊक आहे. ‘सुखदेव मिस्त्रीची भित पाझरते’ असं गावात झालं. वाचनालयाचं काम तुमच्याकडे यायचं होतं, ते दुसऱ्याला गेलं. वस्तीतल्या ज्या बायांनी विटा वाहिल्या होत्या, त्यांच्या घरासमोर गाव पहिल्यांदा बक्षीस घेऊन येणार होतं, ते आलं नाही. पाचव्या वर्षी जामसांवलीच्या निवाऱ्याला ओळंबा मिळाला, तोही तुमच्याच हातचा होता, पण तुम्ही म्हणालात, हा माझ्या मुकादमाच्या नावानं द्या. त्यानंतर काकाजी गेले आणि सगळंच थांबलं. उरलेला सहावा ओळंबा माझ्या डब्यात आला.

विहाराच्या निकालानंतरच्या श्रावणात तुमचं पोस्टकार्ड आलं. ‘बाई, झड लागली. भिंत पाहायला या. कागद आणा.’ मला वाटलं, तुमच्या मनात ती भिंत सलते आहे, तुम्हाला खात्री करून घ्यायची आहे. मी आले, कागद लावला, शंभर मोजले. कोरडा. तुम्ही माझ्याकडे बघत उभे होतात. मी म्हटलं, ‘कोरडी आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ मग त्याच्या पुढच्या श्रावणात कार्ड. मग त्याच्याही पुढच्या. मधे दोन-चार वर्षं चुकली असतील, माझ्या बाळंतपणाचं एक, तुमच्या पायाच्या दुखण्याचं एक. पुढं कार्डाऐवजी फोन यायला लागला. माझ्या डब्यात त्या भिंतीचे किती कागद आहेत ते मी मोजले नाहीत. त्या पहिल्यानंतरचे सगळे कोरडे आहेत.

एका उन्हाळ्यात, बहुधा त्याच दशकाच्या शेवटाला, तुम्ही आमच्या शाळेची कंपाउंडची भिंत बांधत होता. भर मे महिना. मी वर्गातून बाहेर आले आणि तुमच्या डब्याशेजारचा पितळी गडू उचलून सरळ पाणी प्यायले. विचारलंही नाही. तुम्ही थापी खाली ठेवलीत, माझं पिणं होईपर्यंत थांबलात, आणि म्हणालात, ‘लागली का तहान, बाई.’ बस, एवढंच. मी हसले, पण आतून जी हलले ती आजवर स्थिर झालेली नाही. त्यानंतर तुमच्या घरी कितीदा आले, शेवंताबाईंच्या हातची भाकर खाल्ली, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात रांगोळी काढली. सगळं केलं. एक गोष्ट सोडून.

आणि गेल्या महिन्यात दवाखान्यात. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात इतके बारीक झाले होते की मला ते तुमचे वाटेनात. शेवंताबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या.

‘बाई, भित पाहिली का औंदा?’

‘अजून झड कुठं लागली, मिस्त्री.’

‘मंग मागच्या सालची सांगा. कोरडी होती ना?’

‘कोरडी होती.’

‘अजून काही?’

मी म्हटलं, ‘नाही. तुम्ही पडून राहा बरं आता.’ तुम्ही पडलात आणि पंख्याकडं बघत राहिलात. मी तुमच्या पायांवरची चादर नीट केली. मला अजून ती चादर दिसते, निळ्या पट्ट्यांची. तेव्हा सांगता आलं असतं. त्या खोलीत आपल्या दोघांशिवाय कोणी नव्हतं, सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली होती.

तर जलदानाच्या दिवशी विहारात वंदना झाली, पंचशील झालं, आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, आता बाई दोन शब्द बोलतील. मी उठले. तुमच्या हातच्या त्याच भिंतीसमोर उभी होते. मी आधी ओळंब्याचं सांगितलं, बसथांब्याचं, खिडक्यांचं. लोक हसले. मग मी म्हटलं, या भिंतीला ओल कधीच नव्हती. माठाची ओल होती, तो माठ माझ्यासाठी भरला होता, आणि मी पाणी प्यायला मागं गेले नाही, कारण मला या वस्तीतलं पाणी प्यायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मला सगळं कळलं आणि मी गप्प बसले. मिस्त्रींचा ओळंबा मी घालवला. एवढं बोलून मी थांबले. समोर एक मुलगी मोबाईलवर चित्रण करत होती, तिनं मोबाईल खाली घेतला. मला वाटलं, आता कोणी तरी उठून जा म्हणेल. म्हटलं असतं तर बरोबरच होतं.

शेवंताबाईंनी हातानं खूण करून मला जवळ बसवलं. मग हळूच म्हणाल्या, ‘त्याईले मालूम होतं, बाई.’

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. ‘दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले, कोनाड्यात हात घातला, पालथ्या माठाचं बूड पाह्यलं. म्हने, माठाची ओल हाय. मी म्हनलं, मंग सांगा ना कमेटीले. तं म्हने, मी सांगतलं तं मिस्त्री आपली भित वाचवून राहिला म्हनतीन. बाई छत्री न्याले आल्या होत्या ना, त्याईनं पाह्यलं असन. बाईच सांगतीन.’

‘आणि मी नाही सांगितलं.’

‘नाही सांगतलं. मले लई राग ये तुमचा. खोटं कायले बोलू. तुमाले चाय देतानी बी राग ये. मी म्हनो, कायले बोलावता त्या बाईले दरसाल? तं म्हने, येते ना दरसाल. ज्याले सांगाचं नसते तो येत नाही.’

मिस्त्री, तुम्ही भिंत तपासायला बोलवत नव्हता. इतके श्रावण तुम्ही माझ्याकडे बघत उभे होतात आणि मी कागदाकडे बघत होते. दवाखान्यात तुम्ही ‘अजून काही?’ म्हणालात तेव्हाही. हे कळल्यापासून मला नीट झोप लागत नाही, आणि लागू नये असंही कधी कधी वाटतं. तुमचा राग आला मला, खरं सांगते. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. शाळेच्या कंपाउंडपाशी, गडू हातात होता तेव्हा, विचारायचं होतं सरळ. मी तेव्हा सांगितलं असतं. सांगितलं असतं का? बघा, आताही वाद घालते आहे, आणि तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणजे जिंकले मीच, आणि असं जिंकणं मला नको आहे.

तुमची आठवण येते, मिस्त्री. कुठल्याही इमारतीसमोर उभी राहिले की आता मी आधी मागं जाते. परवा बँकेत गेले तर मागं जाऊन पन्हाळी बघून आले. चौकीदारानं हटकलं.

लोक जेवायला उठले तेव्हा शेवंताबाई आणि मी मागच्या पडवीत गेलो. मी डबा सोबत नेला होता. ओल लागलेला कागद काढला, तो चौथ्या वर्षीचा. डाग आता तपकिरी झाला आहे. त्याच्या कोपऱ्यात मी तेव्हा लिहिलं होतं, ‘विहार, पांढुर्णा. ओल.’ त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘माठाची. भिंत कोरडी,’ आणि सही केली. मग सहावा ओळंबा तुमच्या मुलीनं आतल्या जाळीला टांगला. दोरी बराच वेळ हलत होती, पावसाची हवा होती. थांबली तेव्हा भिंत आणि दोरी यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. शेवंताबाई म्हणाल्या, ‘राहू द्या इथंच.’ तो तिथंच आहे.

यंदा श्रावणात तुमचा फोन येणार नाही. मी येईन. न बोलावता येईन, कागद घेऊन. निघताना शेवंताबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, या, मी माठ भरून ठेवतो. मग म्हणाल्या, पन भितीपासून हातभर लांब ठेवतो.